चारपैकी चार

बिराप्पाचे तळपाय फोडायचे की नाही हे ठरवायला आम्ही चौघे नानांच्या गुऱ्हाळावर बसलो होतो. नाना म्हणजे माझे चुलते, नानासो. १९४४ सालचा जानेवारी महिना होता आणि दिवस चांगला वर आला होता. चरकाला बैल फिरत होते, रसाच्या कढईखालच्या चुलवाणात चिपाडं सारणारा गडी लांब होता, आणि चरकाच्या करकरीत आमचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं. जागा त्यासाठीच निवडली होती.

बिराप्पा हा माण तालुक्यातला धनगर. पावसाळा सरला की बायको रंगुबाई, दोन घोडी, तीन कुत्री आणि दीडएकशे मेंढरं घेऊन तो कृष्णाकाठी उतरायचा. रात्री मेंढरं कुणातरी शेतकऱ्याच्या रानात वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, बसायची. रानाला लेंड्यांचं खत मिळायचं आणि धनगराला त्याबद्दल धान्य. दोन-तीन रात्री एका रानात, मग पुढच्या. या माणसाचं सगळं पोट चालण्यावर होतं. पाय गेले असते तर मेंढरंही गेली असती.

आरोप फितुरीचा होता. बेचाळीसपासून भूमिगत असलेली आमच्या भागातली माणसं शेतातल्या वस्त्यांवर रात्री काढत. त्यांना आम्ही 'पाहुणे' म्हणायचो. दिवाळीनंतर पोलिसांनी चार वेळा पहाटे येऊन वस्तीला वेढा घातला होता. तीनदा पाहुणे उसात पसार झाले. चौथ्या खेपेला अर्जुना नावाचा विशीतला पोरगा सापडला आणि आता तो तुरुंगात होता. चारही वेळा त्या वस्तीच्या रानात बिराप्पाची मेंढरं बसलेली होती.

"चारपैकी चार," तात्याबा म्हणाले. ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले पेन्शनर शिपाई. बोलताना अजून छाती काढून बसायचे. "एकदा झालं तर म्हनू, घडलं आसंल. दोनदा झालं तरी म्हनू. चारदा? बिलकुल न्हाई. फौजेत असता तर भितीला उभा केला असता."

"आवं, पन कुत्री त्याचीच भुकली म्हनून तीनदा मानसं सुटली की," नाना म्हणाले.

"भुकतीलच. कुत्र्यास्नी काय ठावं मालक फितूर हाय म्हनून?"

लालासाहेब, ज्यांच्या हातात आमच्या भागातल्या पाहुण्यांची सगळी व्यवस्था होती, ते अजून काहीच बोलले नव्हते. दीड वर्षात ते स्वतःच्या घरी निजले नव्हते, आणि कुणी बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची त्यांना सवय लागली होती. आता ते माझ्या हातांकडे बघत होते.

"बाळासो, तू शिकलेला. तुला काय वाटतं?"

मी सांगलीच्या कॉलेजातून बी. एस्सी. होऊन दिवाळीला नानांकडे आलो होतो. नोकरी मिळायची होती. लालासाहेबांचा बंद पडलेला रेडिओ मी चालू करून दिला, तेव्हापासून अशा बैठकीत मला बसू देत.

"पाहुणे दिवाळीपासून एकूण किती वेळा राहिले?" मी विचारलं.

तात्याबांना प्रश्न आवडला नाही. पण नाना आणि लालासाहेब बोटांवर मोजू लागले. आमची वस्ती, पाटलांची वस्ती, ओढ्यापलीकडची. दोघांचा मेळ बसेना, तेव्हा अमावास्या आणि बाजार धरून पुन्हा मोजलं. चोवीस रात्री झाल्या.

"आणि त्यातल्या किती वेळा रानात मेंढरं होती?"

"सगळ्याच," लालासाहेब म्हणाले. "मेंढरं कुठं बसल्यात ते बघूनच आमी जागा धरतो. कुत्र्यांचा पहारा मिळतो, आन सकाळी मेंढरं निघाली की पावलांचा माग ऱ्हात न्हाई."

"मग मेंढरं नसलेल्या रानात पाहुणे कधी राहिलेच नाहीत. तिथं धाड पडणार कशी? हे चारपैकी चार नाही, चोविसापैकी चोवीस आहे, आणि ते आपणच ठरवून केलेलं आहे. चारही धाडींच्या वेळी बिराप्पा होता हे खरं. पण चारही वेळा मीही गावात होतो. तात्याबा, तुम्हीही होता."

माझ्या मते हा साधा मुद्दा होता. तो मांडल्यावर काय होईल याचा मी विचार केला नव्हता. चौघांपैकी कुणीच कुणाकडे सरळ बघेना.

"बरोबर बोललास," तात्याबा सावकाश म्हणाले. "हे पोरगं सांगलीस्नं आलं, तवापासनंच धाडी चालू झाल्या. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

"तात्याबा, माझा पुतन्या हाय तो," नाना म्हणाले.

"पुतन्या असतोच की कुणाचातरी."

लालासाहेबांनी हात वर केला. "मेंढरं आपल्या शिवारात अजून तीन आठवडं हायती. बाळासो, तेवढ्यात काय दावायचं ते दाव. न्हाईतर मी तात्याबांचं ऐकनार. अर्जुनाच्या आईला मला तोंड दाखवायचं हाय."

माझा पहिला विचार असा होता. पाहुणे नसताना पाहुणे आहेत असं दाखवायचं. वस्तीवरच्या खोपीत कंदील लावायचा, कांबळी टाकायची, पण माणूस एकही नाही. पाहुणे यायचे असले की बिराप्पाला सांगावंच लागायचं, कारण त्याची कुत्री अनोळखी माणसाला फाडून काढायची. 'आज पाहुणे आहेत, कुत्री बांध,' एवढंच नाना त्याला सांगत. तेव्हा काही वेळा त्याला तसं सांगायचं, काही वेळा नाही सांगायचं, आणि पोलिस कधी येतात ते बघायचं. सांगायचं की नाही हे आपण ठरवायचं नाही. ढब्बू पैसा उडवून ठरवायचं, म्हणजे आपल्या मनातला संशय त्यात शिरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे लालासाहेबांना सांगितलं आणि लगेच त्यातली खोटही दाखवली. गुऱ्हाळावर शेंगांचं पोतं होतं. त्यातल्या पंचवीस शेंगा टोपलीत टाकल्या आणि आणखी पाच कोळशाने काळ्या करून टाकल्या.

"सहात एक काळी. चोवीस मुक्काम, चार धाडी, हेही सहात एक. डोळे मिटून एक शेंग काढा, बघा, परत टाका. असं पाचदा करा."

लालासाहेबांनी पाच वेळा हात घातला. पाचही वेळा पांढरी शेंग आली.

"मग टोपलीत काळी शेंग नाहीच म्हणायची?"

"हायत की. माझ्या म्होरं टाकल्यास तू."

"बिराप्पाला पाच वेळा खोटं सांगितलं आणि पोलिस आले नाहीत, तर तसंच होईल. तो फितूर असला, तरी शंभरात चाळीस वेळा पाचही मुक्काम कोरडे जातील. आणि पोलिस आपल्या गस्तीने आले, तर तो निर्दोष असूनही त्याच्यावर येईल. तीन आठवड्यांत एवढ्या थोड्या खेपांवर मी कुणाचे पाय वाचवू शकत नाही आणि कुणाचे फोडूही देऊ शकत नाही."

लालासाहेबांनी सहाव्या वेळी टोपलीत हात घातला, शेंग न बघताच फोडून तोंडात टाकली. "मग दुसरं काय तरी बघ," म्हणाले. "पर बघ."

दुसरं काय बघायचं ते मला त्या रात्री जेवताना सुचलं. धाड पडलेल्या चार मुक्कामांत असं काय होतं, जे उरलेल्या विसांत नव्हतं? बिराप्पा दोन्हीकडे होता, म्हणजे फरक त्याच्यामुळे नव्हता. मी धोंडुकाकीला, म्हणजे नानांच्या बायकोला, विचारू लागलो. पाहुण्यांची भाकरी तीच करायची. वस्ती कुणाचीही असो, रांधणं आमच्या चुलीवरच व्हायचं.

"त्या चार वेळा काय वेगळं होतं का, काकी?"

"वेगळं काय आसनार? भाकरीच थापायची की." तिनं तवा उतरवला. "लय जनं हुती तेवढं. दोघं-तिघं आसली की मी जात्यावर दळते. धा-बारा आसली की हातानं कवा हुनार? मग ज्वारी गिरनीवर धाडायची."

इंजिनाची गिरणी आमच्या गावात नव्हती. ती मैलभरावरच्या बाजारगावात.

"गिरणीवर किती वेळा धाडली?"

काकीनं बराच विचार केला. मीही घाई केली नाही. तिच्याशी बोलताना मला पहिल्यांदाच भीती वाटली, कारण मी आता तिचीही साक्ष तपासत होतो. शेवटी ती म्हणाली, "पाचदा. एकदा बाजारादिवशी गेलो हुतो, तवा लय गर्दी हुती, ध्यानात हाय."

"आणि धाडी पडल्या त्या चारही वेळा दळण गिरणीवर गेलं होतं?"

"व्हय. पाटलांच्या वस्तीवरची, ती बी." मग तिचा हात थांबला. "का रं?"

पाचांपैकी चार. आणि जात्यावर दळलं त्या एकोणीस मुक्कामांत एकही धाड नाही. मी जेवण तसंच ठेवून उठलो असतो, पण नाना समोर बसले होते आणि त्यांनीही ते ऐकलं होतं. ते काकीकडे बघत होते. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे असं कधी बघितलं नसावं.

पाच ही संख्या लहान असते. तिच्यावरून मी कुणाला काही म्हणणार नव्हतो. पण आता खोटे मुक्काम करायला अर्थ होता. मी दोन पैसे घेतले. एकाने ठरणार, बिराप्पाला सांगायचं की नाही. दुसऱ्याने ठरणार, दोन पायल्या, म्हणजे दहा-बारा जणांना पुरेल एवढी, ज्वारी गिरणीवर पाठवायची की नाही. दोन्ही पैसे मी आधी शंभर-शंभर वेळा उडवून बघितले होते. छापा-काटा साधारण बरोबरीने पडत होता. उडवताना रोज लालासाहेब किंवा त्यांचा माणूस हजर असायचा. मी सांगेन तसा निकाल मानायला ते तयार नव्हते, आणि त्यांच्या जागी मीही नसतो.

काकीला काहीच सांगितलं नाही. पाहुणे येणार म्हणून ती भाकरी करायची, आणि सकाळी ती भाकरी गुऱ्हाळावरच्या गड्यांना जायची. "आलं न्हाईत व्हय पावनं?" ती विचारायची. "नाही आले," मी म्हणायचो. तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं मला प्रयोगाचा भाग म्हणून जमायला लागलं होतं. ते मला फारसं आवडलं नाही.

खरे पाहुणे तेवढे दिवस दुसऱ्या गावी ठेवले होते. असे आठ खोटे मुक्काम झाले.

गिरणीवर दळण गेलं तीन वेळा. त्यातल्या दोन पहाटे पोलिस आले. खोपीभोवती कडं करून आत शिरले, कांबळी उचकटली, कंदील फोडला, नानांना शिव्या देऊन गेले. त्या दोनपैकी एका वेळी बिराप्पाला सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी नव्हतं, आणि कुत्री मोकळी होती. कुत्र्यांनी एका शिपायाची पँट फाडली, ते सोडलं तर काही फरक नाही. गिरणीवर दळण गेलं नाही अशा पाच मुक्कामांत बिराप्पाला तीनदा सांगितलं. एकदाही कुणी फिरकलं नाही.

तात्याबा रोज ऐकून घेत होते. आठवा मुक्काम झाला तसे ते म्हणाले, "मग गिरनीवाला. नाथाजी. मला आधीच वाटत हुतं. त्याचं इंजिन सरकारच्या तेलावर चालतं."

"तात्याबा, काल तुम्हाला बिराप्पा वाटत होता."

"काल काल हुता."

मी गिरणीवर गेलो. काकी आणि शेजारची बनुबाई डोईवर टोपल्या घेऊन पुढे, मी मागे. गिरणीत नाथाजी पिठानं पांढरा होऊन पट्ट्यावर डोळा ठेवून उभा होता. कुणाचं दळण कितीचं हे बघायला त्याला सवड नव्हती. माणसं टोपली ठेवत, तो ओतत होता. पण दाराशी बाकावर, इंजिनाची ऊब लागेल अशा बेताने, एक पोलिस शिपाई चहा पीत बसला होता. युद्धामुळे धान्यावर बंधनं होती, म्हणून तिथं माणूस बसवलेला. त्याला सगळेच राम राम घालत. त्यानं काकीची टोपली बघितली.

"काय धोंडुबाई, पुन्हा पावनं?"

"व्हय बाबा. माहेरची मानसं आल्यात," काकी सहज म्हणाली.

"लय माया हाय की माहेराची!"

बनुबाई हसली. "आमच्याकडं कुत्रं फिरकत न्हाई, आन हिच्याकडं आठवड्याला माहेर!"

शिपाईही हसला. त्याची नजर टोपलीवरून काकीच्या तोंडावर आणि तिथून माझ्यावर आली. मी खाली बघितलं.

वाटेत मी बनुबाईला विचारलं, "हा शिपाई रोज असतो?"

"बाजारादिवशी नसतो. तवा बाजारात हप्ता खात फिरतो मेला."

गिरणीवर दळण जाऊनही पोलिस आले नाहीत अशा आतापर्यंत दोनच वेळा झाल्या होत्या. एक दिवाळीनंतरची, काकीला गर्दी आठवत होती ती. एक माझ्या प्रयोगातली. दोन्ही बाजाराचे दिवस होते. नाथाजी मात्र बाजारादिवशीही पट्ट्यापाशी उभाच असायचा. फितूर कुणीच नव्हतं. नवरा-बायको आणि पुतण्या एवढ्या तीन माणसांच्या घरात दोन पायल्या पीठ कशाला लागतं, हे विचारायची अक्कल त्या बाकावरच्या माणसाला होती, एवढंच झालं होतं. मग कुठल्या वस्तीवर जायचं ते खोपीतला कंदील रात्री लांबूनही सांगत होता.

संध्याकाळी गुऱ्हाळावर बैठक होती. मी निघालो तेव्हा बरं वाटत होतं. ओढ्याच्या उताराला बिराप्पा मेंढरं पाजत उभा होता. त्यानं मला थांबवलं.

"बाळासो, एक विचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचार."

"तुमी मला चारदा सांगितलं, पावनं हायती, कुत्री बांध. कोन आलं न्हाई ते."

मी ओढ्याच्या पाण्याकडे बघितलं.

"वाघरीजवळनं मानूस गेला की मेंढरं बसल्या जागची उठत्यात. त्या राती, एकदा पहाटं पोलिस आलं तेवढं सोडलं तर, एक मेंढरू हाललं न्हाई. पैल्यांदा म्हनलं, पावनं चुकलं आसतील. दुसऱ्यांदा कळलं. म्हनलं, ही मानसं आपल्याला बघत्यात." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी रंगीला बी बोललो न्हाई. बोललो आसतो तर तिनं त्याच दिशी घोडं लादलं आसतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तरी मला ऐकू आला नसता. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बिराप्पाला माहीत होतं. आपली परीक्षा चालू आहे हे ज्याला माहीत आहे, तो फितूर असला तरी पोलिसांना बोलावणार नाही. चार वेळांपैकी पहिलीच तेवढी खरी, बाकीच्या तीन वेळा त्याच्या बाबतीत फुकट गेल्या होत्या. माझा अर्धा प्रयोग त्या ओढ्यात वाहून गेला.

हे लालासाहेबांना सांगावं का? सांगितलं तर तात्याबा त्याच्यावर झडप घालणार. नाही सांगितलं तर मी जाणूनबुजून खोटा निकाल देणार, आणि तोही या माणसाने खरं बोलल्यामुळे माझ्या हातात आलेला. गुऱ्हाळापर्यंतच्या वाटेत मी एकदा न सांगायचं ठरवलं, मग ते मोडलं.

बैठकीत मी आधी गिरणीवरचा शिपाई सांगितला. लालासाहेबांनी मान हलवली. नाना इतके दिवस काकीशी धड बोलत नव्हते, त्यांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग मी बिराप्पाचं सांगितलं.

"आता बोला!" तात्याबा उठलेच. "त्याला ठावं हुतं! म्हंजे तो गप बसला. लबाड हाय म्हनूनच गप बसला. हे पोरगं स्वतःच्या तोंडानं सांगतंय की परीक्षा खोटी."

"त्याची परीक्षा खोटी, गिरणीची नाही. गिरणीवर कुणाला काही ठाऊक नव्हतं."

"दोघं बी आसतील. एक गिरनीवर, एक रानात."

लालासाहेब माझ्या हातांकडे बघत होते. मी ते गुडघ्यांवर ठेवले, आणि तेव्हा मला दिसलं की मी चुकीच्या जागी मोजत होतो.

"तात्याबा, बिराप्पाची परीक्षा मी घ्यायची गरजच नव्हती. ती आधीच झालेली आहे. दिवाळीपासून चोवीस वेळा त्याला सांगितलं, पाहुणे आहेत, कुत्री बांध. तेव्हा त्याला कुणी बघत नव्हतं आणि पाहुणे खरे होते. त्यातल्या एकोणीस वेळा दळण घरी झालं. त्या एकोणीस वेळा, आपण सोडून, पोलिसांना कळण्याचा रस्ता एकच होता, बिराप्पा. एकदाही कुणी आलं नाही. तो सहातल्या एका वेळी जरी सांगत असता, तरी एकोणीस वेळा एकही धाड पडू नये हे शंभरात तीनदाच होईल. लालासाहेब, टोपलीत एकोणीस वेळा हात घाला, आणि एकदाही काळी शेंग नको."

"तीनदा हुईलच की," तात्याबा म्हणाले.

"होईल. शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण तेवढ्या संशयावर पाय फोडायचे, तर आपल्या चौघांचेही फोडावे लागतील. माझ्या बाबतीत तर तुमच्याकडे एवढाही हिशेब नाही."

चरकाचे बैल सोडले होते, त्यामुळे ते बोलणं फार मोठं ऐकू आलं. लालासाहेब उठले. "उद्यापास्नं दळन घरीच. जास्त मानसं आली तर चार घरांत वाटून दळायचं. आन बिराप्पाला कुनी हात लावायचा न्हाई." तात्याबांकडे बघून म्हणाले, "कुनी म्हंजे कुनी न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः बिराप्पाला सांगायला गेले. मलाही बरोबर घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा रंगुबाई घोड्यावर भांडी लादत होती. वाघर गुंडाळून झाली होती.

"का रं, आजून आठवडा हुता ना?" लालासाहेब म्हणाले. "तुज्यावर आता कुनाचा संशय न्हाई. मीच सांगायला आलोय."

"आता न्हाई," बिराप्पा म्हणाला. "बरं झालं."

"मग कशाला निघालास? मी शबूद देतो."

"तुमचा शबूद हायच की. पर पुढल्या महिन्यात आनि एक धाड पडंल. तवा बी मेंढरं कुठं हुती ते बघशीला." त्यानं रंगुबाईच्या हातातली दोरी घेऊन गाठ मारली. "आमी परमुलखाची मानसं. आमचं कुठं बी सापडतंय."

"तात्याबांनी काय म्हनलं काय तुला?"

"त्येनी म्हनलं त्याचं काय न्हाई. तुमी दोन आठवडं गप ऱ्हायलासा, त्याचं हाय."

रंगुबाईनं माझ्याकडे एकदाच बघितलं. मग तिनं घोड्याला हाक दिली. मेंढरं बांधावरून रस्त्यावर उतरली, कुत्री दोन्ही अंगांनी धावू लागली. तेवढ्यात मागून तात्याबा धापा टाकत आले. पुढचे तीन दिवस मेंढरं त्यांच्या रानात बसायची होती.

"आवं बिराप्पा! माझ्या रानाची पाळी हाय की! ज्वारी काढून ठेवलीया!"

बिराप्पानं मागे बघितलं नाही. तात्याबा बांधावर उभे राहिले, मग आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा, कसा पळतोय. मनात काय नसतं तर ऱ्हायला नसता?"

मेंढरांची धूळ पिकात उतरेपर्यंत लालासाहेब रस्त्याकडे बघत राहिले.

"फुडल्या सालाला येईल का रं? तुझ्या हिशेबानं?"

"ते सांगता येत नाही," मी म्हणालो. "तो असा पहिल्यांदाच गेलाय."

"मग हे तरी सांग. आज सात जनं यायच्यात. कुत्री न्हाईत. त्यास्नी ठेवायचं कुठं?"

मी आजूबाजूच्या रानांकडे बघितलं. आमची वस्ती, पाटलांची, ओढ्यापलीकडची. तिन्ही ठिकाणी पोलिस येऊन गेले होते. "उसात," मी म्हणालो, "आणि पहाऱ्याला मी बसतो."

लालासाहेबांनी माझ्या हातांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बस. तुझ्यासंगं आजून एकजन देतो."